घरचे दळण

जुन्या माणसांना जात्याविषयी बोलू लागले की भरते येते. ‘जात्यावरच्या पिठाची भाकरी ती भाकरी, गिरणीच्या पिठाला चव कसली!’ असे ती म्हणतात. पहाटे चारला उठून ज्यांनी पायली-पायली दळले, त्या बायका मात्र असे काही म्हणताना मी फारशा ऐकल्या नाहीत. हे वाक्य बहुधा पुरुषांचे. त्यांनी जात्यावरची भाकरी खाल्ली, जाते ओढले नाही. तेव्हा गिरणी आली हे फार बरे झाले, आणि आता पीठ पिशवीत बंद होऊन दारी येते हेही काही वाईट नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते आधीच नोंदवून ठेवतो. कारण पुढचे वाचून, हा गृहस्थ आपल्याला पुन्हा जाते ओढायला लावतो की काय, अशी शंका वाचकांना येण्याचा संभव आहे.

मी सांगणार आहे ती गोष्ट संगणकाच्या दळणाची.

आपण संगणकात जे जे घालतो, ते बहुधा पिशवीतले पीठ असते. कोणीतरी कुठेतरी माणसाला वाचता येईल अशा भाषेत कार्यक्रम लिहितो. मग तो ‘कंपायलर’ नावाच्या गिरणीत घालतो आणि यंत्राला पचेल असे बारीक पीठ काढतो. आपल्याला मिळते ते हे पीठ. त्यात गहू किती, सोयाबीन किती आणि खडा किती, हे चिमटीत घेऊन कळत नाही. पिठाचा पुन्हा गहू करता येत नाही हे तर गिरणीवाल्याच्या पोरालाही ठाऊक असते.

पण जगात काही माणसे अशी निघाली की, जी पिठाबरोबर धान्यही देतात. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली जाहीर केले की, आपण एक संपूर्ण संगणकप्रणाली लिहू आणि तिचे मूळ लेखन सर्वांना खुले ठेवू. त्यांच्या मंडळींनी गिरणी केली, चाळण्या केल्या, डबे केले. पण मुख्य जाते काही लवकर बसेना. ते बसवले फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने. लिनस टोरवाल्ड्स हे त्याचे नाव. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकत असताना, वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्याने चारचौघांना कळवले की, मी हौस म्हणून एक प्रणाली लिहितो आहे. सप्टेंबरात तिची पहिली आवृत्ती बाहेर पडली, ती सुमारे दहा हजार ओळींची होती. पुढल्या वर्षी त्याने स्टॉलमन यांच्याच परवान्याखाली ती सर्वांना देऊन टाकली. धान्य घ्या, दळा, वाटले तर त्यात आपले काही मिसळा. मात्र ते पीठ दुसऱ्याला दिलेत तर धान्यही द्या, असा त्या परवान्याचा मथितार्थ. आज त्या दहा हजार ओळींच्या तीन कोटींहून अधिक झाल्या आहेत. आपल्या हातातले अँड्रॉइडचे फोन त्याच्यावरच चालतात, आणि जगातले सर्वांत वेगवान म्हणून यादीत येणारे पाचशे महासंगणक २०१७ पासून सगळेच्या सगळे त्याच्यावर चालत आले आहेत. हौसेची मजल कुठवर जाते पाहा!

त्या विद्यार्थ्याने लिहिले त्याला म्हणतात कर्नेल. कर्नेल म्हणजे गर, गाभा. बदाम फोडल्यावर आत निघतो तो. संगणक सुरू झाला की पडद्यावर आपल्याला जी चित्रे, खिडक्या, बाण वगैरे दिसतात, ते सगळे टरफल. आत एक कारभारी बसलेला असतो. कोणत्या कामाला यंत्राचा किती वेळ द्यायचा, कोणाला स्मृतीतली किती जागा द्यायची, कळफलकाने काय सांगितले, छपाईयंत्राला काय हवे, हे सारे तो बघतो. जुन्या वाड्यातल्या दिवाणजींसारखा. मालक झोपाळ्यावर बसून पान खातात आणि वाडा आपण चालवतो असे समजतात. दिवाणजी एक दिवस रजेवर गेले की मग कळते.

हा शब्द आमच्या घरात आला तेव्हा थोडा घोटाळा उडाला. ‘‘येत्या शनिवारी नवा कर्नेल बसवायचा आहे,’’ असे मी फोनवर म्हणालो ते सौ.ने ऐकले आणि शेजारच्या काकूंना सांगितले. संध्याकाळी काकू दारात उभ्या. ‘‘कोण हो कर्नल येणार तुमच्याकडे? यांच्या आतेभावाचा मुलगाही सैन्यात आहे. दोघांना फराळाला एकदमच बोलवू या की!’’

आता, आमच्यासारख्या बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला हा उद्योग सुचला कुठून, ते सांगितले पाहिजे. त्याचे मूळ नऊ कॅसेटींत आहे.

माझी आई वाईजवळच्या आमच्या गावी राही. गावात पिठाची गिरणी येऊन कितीतरी वर्षे झाली होती, तरी मेतकूट आणि चकलीची भाजणी ती जात्यावरच दळी. आणि दळताना ओव्या म्हणे. किती ओव्या तिला येत असाव्यात, देव जाणे. कारण ‘आई, ओवी म्हण ना,’ असे कोणी म्हटले की ती गप्प होई. ‘‘मला कुठं येतंय काही!’’ म्हणे आणि पदर खोचून दुसऱ्या कामाला लागे. जात्याचा खुंटा हाताला लागला की मात्र ओवी आपोआप सुरू होई. समोर ताई बसे. आई एक ओळ म्हणे, ताई ती उचले. मी धाकटा, मी माजघराच्या उंबऱ्याशी पेंगत असे.

ताईचे यजमान मस्कतला होते. १९८३ साली त्यांनी येताना एक टू-इन-वन आणला. रेडिओही तोच, टेपरेकॉर्डरही तोच. पुढल्या मे महिन्यात सगळे गावी जमले असताना भाऊजींनी एक युक्ती केली. टेपरेकॉर्डर डब्यांच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे लपवला आणि आई दळायला बसली की हळूच कळ दाबून ठेवली. सुटी संपेपर्यंत साठ-साठ मिनिटांच्या नऊ कॅसेटी भरल्या. आईला ते शेवटपर्यंत कळले नाही. निदान कळल्याचे तिने दाखवले नाही.

आई गेली, भाऊजी गेले. कॅसेटी ताईच्या कपाटात राहिल्या. कॅसेट हा प्रकार १९६३ साली निघाला. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाचे बारीक कण लेपलेले असतात आणि त्यांत आवाज साठवलेला असतो. हे कण कालांतराने झडतात, पावसाळ्यात पट्टीला बुरशी येते, आणि जुना टेपरेकॉर्डर तर पट्टी गिळूनच टाकतो. म्हणजे ऐकावे तर झिजते, न ऐकावे तर कुजते. म्हणून ताई त्या लावतही नव्हती आणि टाकतही नव्हती.

२०१९ च्या गणपतीत मी वाईला गेलो तेव्हा ताईला एक्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. कानाच्या डॉक्टरांनी तिला यंत्र दिले होते. ते लावून तिला बोलणे कळे, पण दिवसेंदिवस कमीच कळे. निघताना तिने कपाटातून नऊ कॅसेटींची पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘‘तुमच्या त्या कंप्युटरात घालता येतात म्हणे. बघ जमलं तर. ऐकू येतंय तोवर एकदा ऐकीन म्हणते.’’

त्या वर्षी भाऊबीज २९ ऑक्टोबरला होती. बहिणीला ओवाळणीत काय घालायचे हा प्रश्न माझ्यापुरता सुटला होता.

घरी आल्यावर मी एक बऱ्यापैकी कॅसेट-प्लेअर मिळवला आणि दुरुस्तीवाल्याकडून त्याचा पट्टा बदलून घेतला. आवाज संगणकात नेण्यासाठी एक लहानशी पेटी लागते. ती मुलाने पूर्वी कधीतरी दिलेली घरात होती. तिचे एक टोक प्लेअरला, दुसरे संगणकाला लावायचे. संगणक आमचा दहा वर्षांचा, दोन गाभ्यांच्या प्रोसेसरचा. त्यावर ताईच्या नातवाने ‘डेबियन’ बसवून दिले होते. डेबियन म्हणजे लिनक्सचाच एक संसार. इयन मर्डॉक यांनी तो १९९३ साली थाटला. त्यांच्या मैत्रिणीचे नाव डेबरा, तेव्हा दोघांच्या नावांचा समास करून हे नाव पडले. आपल्याकडे लग्नपत्रिकेत अशी नावे छापतात. त्यांनी संगणकप्रणालीला दिले, एवढाच फरक. आमच्या संगणकाला त्याच जुलैत निघालेली डेबियनची दहावी आवृत्ती घातली होती, आणि तिचे कर्नेल ४.१९ होते.

पेटी लावली. दिवा लागला. कॅसेट सुरू केली. संगणकात काही येईना. पेटी काढून पुन्हा लावली की क्षणभर दिवा लुकलुके आणि पेटी मूग गिळून बसे.

‘‘नवी आणा की!’’ सौ. म्हणाली.

‘‘नवीही रुसली तर?’’

‘‘मग तिसरी आणा.’’

‘‘अगं, रुसलेल्याला घराबाहेर काढायचे असे ठरवले असते, तर या घरात आज कोण उरले असते?’’

यावर सौ.ने उत्तर दिले नाही, ते तिच्या शहाणपणाला धरूनच झाले.

मी ताईच्या नातवाला फोन केला. हा मुलगा पुण्याला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. मला तो मामाआजोबा म्हणतो. त्याने मला कर्नेलची रोजनिशी उघडायला लावली. कर्नेल जे जे करतो ते टिपून ठेवतो, दिवाणजीच तो! त्यात लिहिले होते की, अमुक ठिकाणची ध्वनीची गती मिळत नाही. आणि तीच तक्रार पुन्हा पुन्हा.

‘‘कळलं,’’ नातू म्हणाला. ‘‘मामाआजोबा, कर्नेल त्या पेटीला आधी सांगतो की, सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा आवाज मोज. ते ती मुकाट्याने ऐकते. मग खात्री करून घ्यायला तो विचारतो, ‘आता किती वेळा मोजतेस, सांग पाहू?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिला शिकवलेलंच नाहीये. ती गोंधळून गप्प होते.’’

मला एकदम आई आठवली. ‘‘मग तिला विचारूच नये!’’ मी म्हणालो.

‘‘तेच करायचंय. पण तसं कर्नेलला सांगावं लागेल. त्याच्या मूळ लेखनात एक यादी असते, ज्यांना हा प्रश्न विचारायचा नाही अशांची. तिच्यात आपल्या पेटीचा क्रमांक घालायचा आणि दळायचं.’’

अशा रीतीने, एका ओळीसाठी दळण काढायचे ठरले. खरे सांगायचे तर सगळे पोते दळायची गरज नव्हती. कर्नेलचे सुटे भाग असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात, आणि आवाजाचा तेवढा एक भाग वेगळा दळता आला असता. नातवाने ते सांगितलेही. पण पुढे म्हणाला, ‘‘एकदा सगळं करून बघा. घरात काय आहे ते तरी कळेल.’’ हे मला पटले. ज्या घरात इतकी वर्षे राहिलो, त्याच्या माळ्यावर एकदा चढून यावे, तसे वाटले.

कोजागिरीनंतरच्या शनिवारी तो सकाळीच आला. आधी धान्य आणले. डेबियनच्या भांडारात कर्नेलच्या मूळ लेखनाचे बांधलेले गाठोडे असते. आज्ञा दिली की घरी येते. शंभर एमबीच्या आसपासचे ते गाठोडे सोडले तर आतून साठ हजारांच्या घरात फायली निघाल्या. ओळी अडीच कोटींच्या आसपास. त्याबरोबर कंपायलर आणि इतर चाळण्या-सुपेही आणून ठेवली.

मग निवडणे. हे काम मला सर्वांत आवडले. कर्नेलमध्ये काय घ्यायचे आणि काय नाही, याची हजारो कलमांची एक यादी असते. प्रत्येक कलमापुढे तीनच उत्तरे. ‘हो’ म्हटले तर ती वस्तू गाभ्यातच मळली जाते. ‘मॉड्यूल’ म्हटले तर वेगळ्या डब्यात राहते आणि लागेल तेव्हा काढता येते. ‘नाही’ म्हटले तर दळलीच जात नाही. ही यादी पडद्यावर खान्याखान्यांनी उघडते. वाचता वाचता मी थक्क झालो. हौशी रेडिओवाल्यांसाठी सोय, रुग्णालयातल्या नव्हे तर कारखान्यातल्या मोजमापयंत्रांसाठी सोय, कधीच्या काळी बंद पडलेल्या कार्डांसाठी सोय. जगातल्या कोणाच्याही घरी चालावे म्हणून डेबियनवाले जवळजवळ सगळे घेतात. म्हणजे त्यांचे पीठ बारा धान्यांचे नव्हे, बाराशे धान्यांचे.

‘‘हे सगळं दळलं तर या मशीनला पाच-सहा तास लागतील,’’ नातू म्हणाला. ‘‘आपण आपल्या घरापुरतं घेऊ.’’

त्यासाठीही एक आज्ञा आहे. सध्या चालू असलेल्या कर्नेलची यादी पुढ्यात घेऊन, या क्षणी जे भाग प्रत्यक्ष वापरात आहेत तेवढेच ठेवायचे आणि बाकीचे गाळायचे. मात्र त्याआधी घरातली सारी उपकरणे एकेकदा जोडून घ्यावी लागतात. जो पंक्तीला हजर नाही त्याचे पान मांडले जात नाही. म्हणून आम्ही छपाईयंत्र जोडले, कॅमेरा जोडला, पेनड्राइव्ह जोडला, आणि ती रुसकी पेटीही जोडली. दोष शोधणाऱ्यांसाठी जी जास्तीची माहिती पिठात मिसळतात आणि ज्याने कित्येक जीबी जागा खाल्ली जाते, तीही वगळली.

शेवटी ती ओळ. नातवाने आवाजाच्या खात्यातली एक फाइल उघडली. ‘ज्यांना गती वाचून दाखवता येत नाही अशी उपकरणे’ अशा अर्थाची एक टीप आणि तिच्याखाली डझनभराहून अधिक क्रमांक. कोणाचा कॅमेरा, कोणाचा सभेतला माइक, कोणाची गाणी ऐकण्याची डबी. मी त्या यादीकडे बराच वेळ बघत राहिलो. जगाच्या पाठीवर कुठेतरी एकेका माणसाची पेटी एकेका रात्री रुसली असेल. त्याने डोके खाजवले असेल, कारण शोधले असेल, आणि मग आपल्यापुरते भागवून न थांबता ही ओळ इथे आणून ठेवली असेल, म्हणजे पुढच्याला त्रास नको. मला हे पाणपोईसारखे वाटले. पाणपोईवर बांधणाराचे नाव तरी असते!

नातवाने आमच्या पेटीचा क्रमांक शेवटी लिहिला. कर्नेलच्या नावापुढे आपली खूण म्हणून एखादा शब्द जोडता येतो, म्हणजे बाजारचा कोणता आणि घरचा कोणता ते कळते. ‘‘काय नाव देऊ?’’ त्याने विचारले. मी म्हणालो, ‘‘ओवी.’’

दुपारी साडेचारला दळण सुरू झाले. प्रत्येक फाइल गिरणीत गेली की पडद्यावर तिच्या नावाची एक ओळ उमटते. सी-सी अमुक, सी-सी तमुक, अशा शेकडो, हजारो ओळी सरसर वर जाऊ लागल्या. दोन गाभ्यांना एकदम कामाला लावले होते, तेव्हा दोन बायका समोरासमोर बसून दळताहेत असेच वाटत होते. पंखा घरघरू लागला. सौ. भाजणीसाठी डाळी भाजत होती, तिने स्वयंपाकघरातून विचारले, ‘‘हा आवाज कसला हो?’’

‘‘दळणाचा!’’ मी ओरडून सांगितले.

चाळीस मिनिटे झाली असतील-नसतील, वीज गेली. यूपीएसच्या बॅटरीने पूर्वीच राम म्हटलेला. काळ्या पडद्यात मला माझा चेहरा दिसू लागला आणि तो फारसा प्रेक्षणीय नव्हता. ‘‘आता पुन्हा पहिल्यापासून?’’ मी विचारले.

‘‘छे!’’ नातू शांतपणे चकलीची कच्ची भाजणी चाखत होता. ‘‘मेक नावाचा जो मुकादम आहे तो प्रत्येक फाइलची वेळ बघतो. पीठ धान्यापेक्षा नवं असेल तर ते पुन्हा दळत नाही.’’

तासाभराने वीज आली. वीज गेली त्या क्षणी जाळ्यात होती ती एक फाइल शून्य आकाराची होऊन पडली होती. तेवढी त्याने काढून टाकली, आज्ञा पुन्हा दिली, आणि मुकादमाने खरोखरच जिथे सोडले होते तिथून काम उचलले. हे पाहून मला बँकेतले माझे काही सहकारी आठवले. जेवणाच्या सुटीनंतर त्यांना हे कधी साधले नाही.

सव्वासातला दळण संपले. तयार कर्नेल डेबियनच्या नेहमीच्या पुड्यांत बांधून बाहेर आले, आणि इतर कोणताही कार्यक्रम बसवावा तसे ते एका आज्ञेने बसले. त्याने आपली जागा घेतली, सुरुवातीला लागणारी शिदोरी बांधली, आणि संगणक उघडताना जी यादी दिसते तिच्यात आपले नाव वर घातले. जुन्या कर्नेलला त्याने हात लावला नाही. ही पद्धत मला फार सभ्य वाटली. नवा कारभारी आला तरी जुन्या दिवाणजींची खोली तशीच ठेवायची. नव्याचे नाही जमले तर संगणक पुन्हा सुरू करून यादीतून जुन्यांना हाक मारता येते. पुष्कळ संस्थांनी हे शिकण्यासारखे आहे.

संगणक बंद करून उघडला. पडदा काळा झाला, अक्षरे धावली, आणि नेहमीचे चित्र दिसले. नाव विचारले तर उत्तर आले, ‘४.१९’ आणि पुढे ‘ओवी’. पेटी लावली. दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला. कर्नेलने तिला काय करायचे ते सांगितले, उलट काही विचारले नाही. आणि ती निमूटपणे कामाला लागली.

पहिल्या कॅसेटची कळ दाबली. आधी खरखर. मग कोंबडा. मग जात्याची घरघर, आणि त्या घरघरीतून वर येणारा आईचा आवाज. सौ. हातातला झारा तसाच घेऊन दारात येऊन उभी राहिली. नातवाने आपल्या पणजीला पाहिले नव्हते. तो म्हणाला, ‘‘आवाज स्वच्छ येतोय,’’ आणि मग काही बोलला नाही.

कॅसेट घाईने संगणकात जात नाही. तासाची असली तर तासभर बसावेच लागते. दुसऱ्या दिवसापासून रोज एक, असे नऊ दिवस मी बसलो. सातव्या कॅसेटला बुरशी लागली होती आणि पट्टी मधेच चुरगळली होती. तिथल्या काही ओव्या गेल्या त्या गेल्या. पाडव्याच्या रात्री नववी संपली.

भाऊबीजेला वाईला गेलो. ओवाळणे झाल्यावर ताईला खुर्चीत बसवले, कानाचे यंत्र काढून तिच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि सुरू केले. ताई डोळे मिटून ऐकू लागली. थोड्या वेळाने तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरू लागला. मग थांबला. तिने डोळे उघडले.

‘‘आईच आहे. पण ही इतक्या घाईत का आहे?’’

‘‘घाईत?’’

‘‘जातं असं भरभर फिरवलं तर पीठ जाडं येतं. आईचं पीठ कधी जाडं आलं नाही.’’

नातवाने माझ्याकडे पाहिले. कॅसेटची पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास सरकावी लागते. प्लेअरचा नवा पट्टा अंमळ ताठ असला किंवा मोटार थोडी उत्साही असली की ती जास्त सरकते. पेटीने आपले काम चोख केले होते, कर्नेलने केले होते, सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. पण आईचे जाते किती वेगाने फिरे, हे त्यांना कोण सांगणार? त्याचे माप ताईच्या मनगटात होते. नातवाने वेग एक टक्का कमी केला. ताईने मान हलवली. दोन टक्के, पुन्हा नाही. तीन. चार टक्क्यांवर तिचा हात पुन्हा मांडीवर फिरू लागला.

‘‘हं,’’ ती म्हणाली. ‘‘आता आई.’’

त्यानंतर ती दीड तास उठली नाही. सातव्या कॅसेटचा चुरगळलेला भाग आला तेव्हा आवाज तुटला, आणि ताईने सवयीने पुढची ओळ उचलली. तिला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नव्हता, म्हणून ती मोठ्याने म्हणत होती. नातवाने काही न बोलता आपला फोन पुस्तकाआड ठेवून कळ दाबली. भाऊजींची युक्ती त्याला कोणी सांगितलेली नव्हती.

घरच्या दळणाचा व्याप एकदा करून संपत नाही, हे मात्र खरे. बाजारच्या कर्नेलला डेबियनकडून सुरक्षेच्या सुधारणा आपोआप मिळतात. घरच्याला मिळत नाहीत. प्रत्येक सुधारणेनंतर पुन्हा धान्य आणा, पुन्हा ती ओळ घाला, पुन्हा दळा. पुढची दोन वर्षे मी ते एकट्याने केले. मग २०२१ साली कर्नेलमध्येच अशी सोय झाली की, लहरी ध्वनिपेट्यांचे स्वभाव बाहेरून एका सूचनेने सांगता यावेत, दळायला नको. तेव्हापासून मीही पिशवीतलेच पीठ आणतो. सुरुवातीला दिलेले माझे मत कायम आहे.

पण एकदा दळल्याने एक गोष्ट झाली. पूर्वी संगणक अडला की मी त्याच्याकडे, सरकारी कचेरीच्या बंद खिडकीकडे बघावे तसा बघत असे. आता आत कोण बसले आहे ते ठाऊक आहे. त्याची रोजनिशी वाचता येते. तो माणसांनी लिहिलेला आहे, एकेका ओळीने वाढलेला आहे, आणि त्या ओळींमध्ये माणसांच्या अडीअडचणी आहेत, हे एकदा पाहिले की यंत्राचा परकेपणा जातो.

महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे मोठे काम हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी केले. गावोगावच्या बायकांच्या एक लाखावर ओव्या त्यांनी जमवल्या, आणि त्या आज कोणालाही वाचता-ऐकता येतात. त्या बायकाही ओवी अशीच पुढे देत आल्या. आईने म्हटली, मुलीने उचलली, सासरी नेली, तिथे आपली एक ओळ घातली. कोणी मालकी सांगितली नाही. परवाना वगैरे त्यांना ठाऊक नव्हता, पण रीत तीच.

ताई २०२२ च्या पावसाळ्यात गेली. सातव्या कॅसेटच्या तुटलेल्या जागी नातवाने तिच्या ओव्या जोडून ठेवल्या आहेत. ऐकताना सांधा कळतो. आईचा आवाज तुटतो, क्षणभर शांतता, आणि मग एक्याऐंशी वर्षांची मुलगी जरा जास्तच मोठ्याने आईची ओवी पुढे नेते. मागे जाते नाही, म्हणून तिचा ताल थोडा सुटा वाटतो. पण वेग मोजून पाहिला, तो बरोबर आईचाच आहे.